चरबी मेंदूशी बोलते, हे कळायला इतकी वर्षं का लागली?

मी मूळची दौंडची, आणि आजोळ शिरूर तालुक्यातलं. आमच्याकडे एक समज पक्का आहे: शुगर होते ती जाड माणसाला. त्यामुळे दिवसभर शेतात राबणाऱ्या, हाडं दिसणाऱ्या माझ्या मामांना पंचेचाळिशीतच शुगर निघाली, तेव्हा घरात कुणाचा विश्वासच बसेना. तेव्हा मी एम.एस्सी.ला होते आणि मलाही उत्तर देता आलं नाही. आज मी चरबीतून निघणारी संप्रेरकं मेंदूच्या पेशींमध्ये काय करतात यावर पीएच.डी. करतेय. माझ्या विषयाचा इतिहास सांगायचा तर मामांपासूनच सुरुवात करावी लागते.

आपल्या पाठ्यपुस्तकात चरबी म्हणजे कणगी. जास्तीचं धान्य भरून ठेवायचं, अडीनडीला काढायचं. कणगी स्वतः काही बोलत नाही. विसाव्या शतकात बराच काळ शास्त्रज्ञही जवळपास असंच मानत होते.

पहिला धक्का एका उंदराने दिला. 1949 मध्ये अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत एक अतिशय लठ्ठ उंदीर सापडला. हा दोष आनुवंशिक होता. त्याला ‘ओबी’ म्हणतात. पुढे 1966 मध्ये तिथेच लठ्ठ आणि मधुमेही असा ‘डीबी’ उंदीर नोंदवला गेला. दिसायला दोघे सारखेच. मग फरक कुठे? डग्लस कोलमन यांनी दोन-दोन उंदरांचं रक्त एकमेकांत मिसळेल अशी शस्त्रक्रियेने जोडणी केली. डीबीला जोडलेला साधा उंदीर खाणं सोडून उपाशी मेला. डीबीला जोडलेल्या ओबीचंही तेच झालं. ओबीला साध्या उंदराशी जोडलं, तर ओबीचं खाणं कमी झालं.

इथे थोडं थांबा आणि स्वतः विचार करून बघा. कोलमन यांनी 1973 मध्ये मांडलेला निष्कर्ष असा होता: रक्तात ‘पोट भरलं’ सांगणारा एक निरोप असतो. ओबी तो बनवू शकत नाही, पण ऐकू शकतो. डीबी तो भरपूर बनवतो, पण त्याला ऐकू येत नाही. हा निरोप प्रत्यक्ष सापडायला पुढे एकवीस वर्षं लागली. 1994 मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने ओबी जनुक शोधलं. ते चरबीच्या पेशींमध्ये काम करत होतं. त्यातून बनणाऱ्या प्रथिनाला ग्रीक भाषेतल्या ‘बारीक’ या अर्थाच्या शब्दावरून लेप्टिन नाव मिळालं. कणगी बोलत होती!

मग सगळ्यांना वाटलं, लठ्ठपणावर औषध मिळालं. पण 1996 मध्ये दिसलं की लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन कमी नाही, उलट जास्त असतं. म्हणजे निरोप जातोय, ऐकलं जात नाहीये. प्रश्न चरबीकडून मेंदूकडे सरकला.

मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग भूक आणि ऊर्जेचा हिशेब ठेवतो. तिथल्या पेशींमध्ये एएमपीके नावाचं विकर असतं. पेशीतली ऊर्जा कमी झाली की ते जागं होतं. 2002 मध्ये दिसलं की लेप्टिन स्नायूंमध्ये एएमपीके वाढवतं, म्हणजे चरबी जाळायला लावतं. 2004 मध्ये त्याच गटाने दाखवलं की हायपोथॅलॅमसमध्ये तेच लेप्टिन एएमपीके दाबतं आणि भूक कमी होते. चरबीतूनच येणारं ॲडिपोनेक्टिन हायपोथॅलॅमसमध्ये याच्या उलट वागतं, असं 2007 मध्ये उंदरांवर दिसलं: उपाशीपोटी ते एएमपीके वाढवतं. एकच विकर, पण संप्रेरक कोणतं आणि ऊती कोणती यावर उत्तर बदलतं. मुलाखतीत ‘लेप्टिन एएमपीके वाढवतं’ एवढंच सांगितलंत, तर पुढचा प्रश्न ‘कुठे?’ हाच येणार.

आता परत आमच्या भागाकडे. डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं ग्रामीण आरोग्याचं काम शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला उभं राहिलं. त्याच केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. बाळ जन्मलं की वजन, लांबी, आणि चिमट्यात धरून कातडीखालच्या चरबीची जाडी मोजायची. महागडं यंत्र नाही. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांशी तुलना केली तेव्हा आपली बाळं सरासरी 2.7 किलोची, तिकडची 3.5 किलोची. स्नायू आणि पोटातले अवयव कमी, पण पाठीवरची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. बारीक दिसणारं, पण आतून चरबीचं बाळ. 2002 मध्ये पुणे आणि लंडनच्या बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं, तर पुण्याची बाळं हलकी असूनही त्यांचं लेप्टिन कमी नव्हतं, आणि इन्सुलिन जास्त होतं. मामांच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर मला इथे मिळालं.

2004 मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मोजमापं छापली. दोघांचा बीएमआय 22.3. शरीरातली चरबी मात्र याज्ञिक यांची 21.2 टक्के, युडकिन यांची 9.1 टक्के.

त्याच वर्षी उंदरांच्या पिलांवर दिसलं की जन्मानंतरच्या दिवसांत लेप्टिन हायपोथॅलॅमसमधली जोडणीच घडवतं. हे वाचून मी उडालेच, आणि लगेच वहीत लिहून टाकलं की आपल्या बाळांचा मेंदूही असाच घडत असणार. माझ्या मार्गदर्शकांनी त्या वाक्यावर शांतपणे रेघ मारली. उंदराच्या पिलाचा मेंदू जन्मानंतर जे टप्पे पार करतो, त्यातले बरेच माणसाचं बाळ पोटात असतानाच पार करतं. दोन खरे निष्कर्ष शेजारी ठेवले म्हणून तिसरा आपोआप खरा होत नाही.

ही रेघ मला पुढे उपयोगी पडली. सुरुवातीचे चार महिने मी चेतापेशींवर लेप्टिन टाकत होते आणि फरकच दिसत नव्हता. संशोधन सोडावं, इथपर्यंत आले होते. मग कोलमन यांचा पेपर पुन्हा वाचला आणि प्रश्न उलटा विचारला: निरोप नाहीये, की ऐकू येत नाहीये, की आधीपासूनच गोंगाट आहे? पेशी वाढवताना मी वासराच्या गर्भाचं सीरम वापरत होते. सीरम म्हणजे रक्ताचाच भाग, त्यात संप्रेरकं आधीच होती. सीरम काढून काही तास पेशी तशाच ठेवल्या, मग लेप्टिन दिलं, आणि पहिल्यांदा फरक दिसला.

पेट देऊन संशोधनात येणाऱ्यांना म्हणून एकच सांगते. विषयाचा इतिहास प्रस्तावनेची पानं भरायला वाचू नका. तुमचा प्रयोग अडेल, तेव्हा तो कामी येतो. मामा अजून विचारतात, ‘तुझं संपलं का गं शिक्षण?’ नाही संपलं. पण बारीक माणसाला शुगर का होते, हे आता मी त्यांना चहाच्या एका कपात समजावू शकते. बिनसाखरेच्या.