तुम्ही कुठल्या लेव्हलचे? बॅडमिंटनमधल्या प्रतवारीची गोष्ट

रविवारची संध्याकाळ, बाहेर गोरेगाव स्टेशनच्या रस्त्यावर ही गर्दी, आणि तरी तुम्ही आलात, याबद्दल आधी आभार. विषय ऐकून काहींना वाटलं असेल, बॅडमिंटनच्या लेव्हलवर व्याख्यान? पण समोर निदान दहा-बारा चेहरे मला असे दिसतायत की जे सकाळी सहाला रॅकेट घेऊन निघतात. त्यांना विचारा. कोर्टवर नवा माणूस आला की पहिला प्रश्न नावाचा नसतो. पहिला प्रश्न असतो, "तुम्ही कुठल्या लेव्हलचे?" आता तर अ‍ॅपवर कोर्ट बुक करतानाच हे विचारतात. बिगिनर, इंटरमिजिएट, अ‍ॅडव्हान्स्ड. आणि गंमत बघा, नव्वद टक्के लोक मधल्यावर टिचकी मारतात. (हशा) हा आकडा माझा आहे, कुठल्या अभ्यासातला नाही.

मी हा विषय का घेतला ते आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी एका वसाहतीच्या स्पर्धेत गट पाडायचं काम माझ्याकडे होतं. अ गट आणि ब गट. एक पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा आला. पायात साधे कॅनव्हासचे बूट, रॅकेटची ग्रिप सुटलेली. मी म्हटलं, कुठे खेळतोस? म्हणाला, "बिल्डिंगखाली." मी त्याला ब गटात टाकलं. त्याने गट जिंकला, एकही गेम न गमावता, आणि बक्षीस घेताना मला म्हणाला, "काका, अ मध्ये खेळायचं होतं हो." बक्षिसाचा त्याला काडीचा आनंद नव्हता. मी त्याचा खेळ पाहिलाच नव्हता, फक्त बूट पाहिले होते. तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात आहे, की खेळातली कुवत ठरवायची कशी, आणि आपल्याकडे आजवर ती कशी ठरवत आले?

सुरुवात आपल्याच मुलखात आहे. या खेळाला एकेकाळी 'पूना' म्हणत. ब्रिटिश छावणीतले अधिकारी पुण्यात तो खेळत, आणि 1870च्या दशकात तिथे त्याचे नियम लिहिले गेले असं मानलं जातं. तिथून तो इंग्लंडला गेला. 1893 साली तिकडे संघटना झाली, 1899 मध्ये ऑल इंग्लंड स्पर्धा सुरू झाली. पण छावणीत प्रतवारी कसली होती? खेळाची नव्हतीच. हुद्द्याची होती, कातडीच्या रंगाची होती. मुंबईतही तेच. 1875 मध्ये बॉम्बे जिमखाना निघाला तो युरोपियनांसाठी. मग मरीन लाइन्सला पारशी, मुसलमान, हिंदू अशी जिमखान्यांची रांग उभी राहिली. म्हणजे तुम्ही कुणाशी खेळणार हे तुमचा बॅकहँड ठरवत नव्हता, तुमचं आडनाव ठरवत होतं. ही पहिली प्रतवारी, आणि ती पुरती गेली असं मला वाटत नाही. आज आडनावाच्या जागी क्लबची मेंबरशिप आली आहे, एवढंच.

क्लबांमध्ये मात्र एक चांगली पद्धत होती, ती आता जवळजवळ विसरली गेली. हँडिकॅप. दुबळ्या खेळाडूला आधीच काही गुण देऊन टाकायचे, किंवा तगड्याला शून्याच्याही खालून सुरुवात करायला लावायची. मग दोघांत खरी लढत होते. आजही बॅडमिंटनच्या अधिकृत नियमांच्या परिशिष्टात हँडिकॅप सामन्यांची सोय आहे. वाचतो कोण! आपण लहानपणी गल्लीत "तुला पाच पॉइंट घे" म्हणायचो ना, तेच हे. त्यात एक शहाणपण होतं. गट पाडले की माणसं वेगळी होतात. हँडिकॅप दिला की ती एकाच कोर्टवर राहतात.

आता मला जरा आडवाटेला जाऊ द्या. गावच्या जत्रेतली कुस्ती पाहिली आहे का कुणी? हात वर करा. बरेच आहेत. तिथे आधी लहान पोरांच्या कुस्त्या लागतात, रेवड्यांवर, नारळावर. मग हळूहळू इनाम वाढत जातं आणि शेवटी मोठी कुस्ती. पैलवान फडात फिरतो, आणि पंच नि वस्ताद 'जोड' लावतात. जोड म्हणजे काय, तर दोघांचं वजन, उंची, चाल, आधी कुठे कुणाशी लढला, हे सगळं नजरेनं मोजून म्हणायचं, हे दोघं सारखे. जोड चुकली तर लोक तिथल्या तिथे ओरडतात. मला वाटतं कुवत पारखण्याची ही आपली सगळ्यात जुनी पद्धत आहे. कागद नाही, गुण नाहीत, पण जबाबदारी आहे, कारण जोड लावणारा सगळ्या गावासमोर उभा असतो.

बॅडमिंटनमध्ये नजरेनं पारखायचं तर काय बघायचं? बहुतेक जण स्मॅश बघतात, आणि तिथेच फसतात. जोरात मारता खूप जणांना येतं. तुम्ही पाय बघा. फटका मारल्यावर माणूस मध्ये परत येतो का, की फूल कुठे गेलं ते बघत उभा राहतो? (आमच्या पिढीत शटलला फूलच म्हणत, सवय गेली नाही.) मागच्या रेषेवरून बॅकहँडने समोरच्या मागच्या रेषेपर्यंत क्लिअर जातो का? डबल्समध्ये जोडीदार स्मॅश मारताना दुसरा नेटकडे सरकतो का? आणि शॉर्ट सर्व्हिस. दडपणाखाली, 19-19 असताना, ती पट्टीला घासून जाते की वर उडते? या चार गोष्टी पाच मिनिटांत दिसतात.

पण नजरेला मर्यादा आहे. दूरच्या खेळाडूंची जोड लावायची तर तुम्ही त्यांना पाहिलेलं पाहिजे. 1947 च्या ऑल इंग्लंडमध्ये काय झालं बघा. भारताचे प्रकाश नाथ आणि देविंदर मोहन तिथे गेले. दोघंही उत्तम. पण ड्रॉ असा निघाला की उपांत्यपूर्व फेरीत दोघं एकमेकांसमोर. त्यांनी खेळून दमण्यापेक्षा नाणं उडवलं! प्रकाश नाथ पुढे गेले, थेट अंतिम फेरीपर्यंत, आणि तिथे डेन्मार्क-स्वीडनच्या त्या दबदब्याच्या काळात स्वीडनच्या कॉनी येप्सेनकडून हरले. देविंदर मोहन किती पुढे गेले असते हे नाण्याने गिळून टाकलं.

म्हणूनच मानांकन लागतं. तगडे खेळाडू सुरुवातीलाच एकमेकांवर आदळू नयेत म्हणून ड्रॉमध्ये त्यांना लांब लांब ठेवायचं. मराठी वर्तमानपत्रांनी हा शब्द छान घडवला आहे, मान आणि अंकन. पण त्यामुळे एक घोटाळाही झाला. लोकांना मानांकन हा सन्मान वाटतो. तो सन्मान नाही, ती ड्रॉची सोय आहे.

सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर 1956 मध्ये क्वालालंपूरला सेलांगोर आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकले. परदेशात असं विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय. त्या काळात आजच्यासारखी दर आठवड्याला बदलणारी जागतिक क्रमवारी नव्हती. आपण मलायाच्या खेळाडूच्या वर की खाली, हे कळायला तिकडे जाऊन खेळावंच लागे. आज क्रमवारी आहे. मागच्या 52 आठवड्यांतल्या सर्वोत्तम दहा स्पर्धांचे गुण धरतात. पण नीट बघा, गुण मिळतात ते स्पर्धा किती मोठी आणि तुम्ही कुठल्या फेरीपर्यंत गेलात यावर. कुणाला हरवलंत याला किंमत नाही. बुद्धिबळात उलट आहे. आर्पाद एलो यांची पद्धत फिडेने 1970 मध्ये घेतली, तिथे तगड्याला हरवलं तर जास्त मिळतं, दुबळ्याशी हरलं तर जास्त जातं. आणि डबल्समध्ये क्रमवारी जोडीची असते. मुंबईचा चिराग शेट्टी, उदय पवार यांच्या अकादमीत सुरुवात केलेला, आणि सात्त्विकसाईराज रंकिरेड्डी हे ऑक्टोबर 2023 मध्ये जगात पहिले झाले. पहिली झाली ती जोडी. चिराग दुसऱ्या कुणाबरोबर उतरला तर ती वेगळी जोडी.

आता थोडं गणित, घाबरू नका. गुण मोजण्याची पद्धत बदलली की लेव्हलमधलं अंतरही वेगळं दिसायला लागतं. पूर्वी सर्व्हिस ज्याची त्यालाच गुण मिळत, पुरुषांचा गेम 15चा आणि महिलांचा एकेरीचा 11चा. म्हणजे नियमानेच बायकांना कमी दमाच्या गटात टाकलं होतं! त्याच काळात पुण्याच्या प्रा. दि. ब. देवधरांच्या तारा, सुंदर आणि सुमन या तिन्ही मुली राष्ट्रीय विजेतेपदं मिळवत होत्या, तरी. 2006 मध्ये प्रत्येक रॅलीला गुण आणि सगळ्यांना 21 असं ठरलं. आता समजा, एक खेळाडू दर तीन रॅलींपैकी दोन जिंकतो. नव्या पद्धतीत निकाल लागेल साधारण 21-10. जुन्या पद्धतीत हाच सामना साधारण 15-4 असा दिसेल. खेळाडू तेच, कुवत तीच. पण 15-4 ने हरलेला घरी जाऊन रॅकेट माळ्यावर टाकेल, आणि 21-10 वाला म्हणेल, दहा काढले की!

याची दुसरी बाजू अशी. शंभरातल्या फक्त 55 रॅली जिंकणारा माणूस 21च्या चार गेमपैकी जवळजवळ तीन जिंकतो. म्हणजे तुमच्या ग्रुपमध्ये जो "नेहमी जिंकतो" तो तुमच्यापेक्षा वीस रॅलींत दोन रॅलींनीच पुढे असतो. इतक्या बारीक फरकावर आपण माणसाला वरच्या आणि खालच्या कोर्टवर वाटतो.

बाकीच्यांनी काय केलं? अमेरिकेत आणि डेन्मार्कमध्ये ए, बी, सी, डी असे कुवतीचे गट असतात, जिंकत गेलात की वर सरकता. तैवानमध्ये हौशी खेळाडूंसाठी अठरा पायऱ्यांचा तक्ता आहे. आपल्याच मुंबईत क्रिकेटच्या कांगा लीगमध्ये ए पासून जी पर्यंत विभाग आहेत, आणि संघ चढतात-उतरतात. बॅडमिंटनमध्ये मात्र आपण वय धरून बसलो. 13 खाली, 15 खाली, 17, 19, मग खुला गट, आणि 35 नंतर ज्येष्ठ. वय मोजायला सोपं, दाखल्यावर लिहिलेलं असतं. पण जिथे वयावर सगळं ठरतं तिथे वय चोरलं जातं, हे इथे बसलेल्या पालकांना मी सांगायला नको. आणि तिसाव्या वर्षी खेळायला लागलेल्या बाईने जायचं कुठे? खुल्या गटात पहिल्या फेरीत राज्याच्या खेळाडूसमोर? तिच्यासाठी आपल्या रचनेत जागाच नाही. म्हणून ती अ‍ॅपवर जाते, आणि तिथे प्रत्येकाने स्वतःची लेव्हल स्वतः लिहिलेली असते. पुरुष स्वतःला एक पायरी वर लिहितात, बायका एक पायरी खाली. निदान माझ्या पाहण्यात तरी असंच आहे.

आमच्या सकाळच्या ग्रुपमध्ये गेलं वर्षभर आम्ही जुन्या क्लबांची शिडी लावली आहे. भिंतीवर पुठ्ठा, त्यावर सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या. तुम्ही तुमच्या वरच्या दोघांपैकी कुणालाही आव्हान द्यायचं, जिंकलात तर चिठ्ठ्यांची अदलाबदल. पंधरा दिवस आव्हान टाळलं तर एक पायरी खाली. भांडणं झाली, होणारच. एका काकांनी आपली चिठ्ठी काढून खिशात घातली आणि महिनाभर आले नाहीत. मग आले. नव्या माणसाला सर्वात खाली लावायचं की मध्ये, यावर मात्र अजून एकमत नाही. मी म्हणतो, आधी पाच मिनिटं खेळू द्या आणि पाय बघा. माझ्या मताला तिथे फार किंमत नाही, कारण माझी चिठ्ठी सध्या खालून तिसरी आहे. (हशा)

चला, प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेतल्या ताई, तुमचा हात मघापासून वर आहे.