न तुटलेल्या अवयवाचे मोल

१/ १९२३ साली हिंदुस्थानात कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. त्याच्या परिशिष्टात मानवी शरीराचे जणू दरपत्रकच होते. उजवा हात कोपरापासून वा त्याच्या वरून गेल्यास कमाईची क्षमता ७० टक्के घटली असे मानावे. पाय गुडघ्यापासून गेल्यास ६०, अंगठ्यास २५, तर्जनीस १०. पाठीच्या कण्याला मात्र त्यात ओळ नव्हती. ती नसल्याने काय घडले, हे तेल्हाऱ्यासारख्या गावातून पाहण्याजोगे आहे.

२/ तेल्हारा हा अकोला जिल्ह्याच्या उत्तरेचा, सातपुड्याच्या पायथ्याचा कापूसपट्टा. १८६०च्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस आटला, वऱ्हाडी कापसाला भाव आला आणि त्याच दशकात रेल्वे अकोल्यास पोहोचली. मागोमाग जिन आणि प्रेस आले. जिनात सरकी निघते, प्रेसमध्ये गाठ बांधतात. चालत्या पट्ट्यात हात सापडणे हा एक धोका. थप्पीवरून घसरलेली गाठ पाठीवर येणे हा दुसरा. आजची गाठ सुमारे १७० किलोची असते.

३/ १८५५च्या प्राणघातक अपघात कायद्याने दाद मिळे ती मृताच्या कुटुंबास. जायबंदी मजुराला दिवाणी न्यायालयात मालकाची चूक सिद्ध करावी लागे. १९२३च्या कायद्याने ही अट काढली: इजा कामामुळे व काम करताना झाली, एवढे पुरे.

४/ वऱ्हाडात आणखी एक पेच होता. १९०२च्या करारानुसार हा प्रांत वर्षाला २५ लाख रुपयांच्या कायम भाडेपट्ट्याने इंग्रजांकडे होता, सार्वभौमत्व निझामाचे. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे येथे आपोआप लागू होत नसत. ते स्वतंत्र अधिसूचनेने आणावे लागत. पुढे १९४१च्या बेरार लॉज अ‍ॅक्टने अनेक कायदे थेट वऱ्हाडास लागू केले.

५/ मूळ कायद्यात प्रौढ कामगाराच्या मृत्यूस ३० महिन्यांचे वेतन होते, कमाल २,५०० रुपये. कायमच्या संपूर्ण अपंगत्वास ४२ महिन्यांचे, कमाल ३,५०० रुपये. जगलेल्या मजुरालाही पोसावे लागते, हे कायद्याने ओळखले होते. पण केवळ साडेतीन वर्षांपुरते.

६/ त्या काळी मज्जारज्जू दुखावलेले बहुतेक रुग्ण शय्याव्रण आणि मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने लवकर दगावत. १९४४ साली इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे लुडविग गुटमन यांनी स्वतंत्र विभाग सुरू केला आणि असा रुग्ण दशकानुदशके जगू शकतो हे दिसून आले. आयुष्य वाढले, तसा भरपाईचा हिशेबही अपुरा ठरू लागला.

७/ कण्याच्या जखमेत पाय जागेवरच असतात, केवळ चालत नाहीत. परिशिष्टात ओळ नसल्याने अशा मजुराचा दावा ‘संपूर्ण अपंगत्वा’च्या व्याख्येवर आणि डॉक्टरांच्या साक्षीवर उभा राहिला. आजच्या परिशिष्टातही कण्याची स्वतंत्र नोंद नाही.

८/ रस्ते अपघातांच्या दाव्यांत न्यायालये पुढे गेली. कमरेखालचे शरीर लुळे पडलेल्या एका वकिलाच्या प्रकरणात, १९९५च्या हट्टंगडी निकालात, सर्वोच्च न्यायालयाने बुडालेल्या कमाईबरोबर वेदना आणि चालणे, धावणे, बसणे या हिरावलेल्या सुखांचीही भरपाई मान्य केली. २०११च्या राजकुमार निकालाने सांगितले की, अपंगत्वाची वैद्यकीय टक्केवारी म्हणजे कमाईतील घट नव्हे. त्या माणसाचे काम कोणते होते, हे आधी पाहावे.

९/ शेतात झालेल्या अपघाताला मात्र बहुधा मालकही नसतो आणि विमा कंपनीही. झाडावरून वा विहिरीत पडलेल्या शेतकऱ्यासाठी राज्याची गोपीनाथ मुंडे अपघात योजना आहे. तिच्यात दोन अवयव निकामी झाल्यास २ लाख, एक झाल्यास १ लाख रुपये. म्हणजे मोजणी पुन्हा अवयवांचीच. ‘तुटणे’ऐवजी ‘निकामी होणे’ या शब्दामुळे लुळ्या पायांना तेथे जागा मिळते. पण लाभ खातेदार शेतकऱ्यास आणि त्याच्या घरातील एका सदस्यास. त्याच विहिरीवर मजुरीने उतरलेल्या भूमिहीनाचे नाव सातबाऱ्यावर नसते. १९२३च्या यादीत कणा नव्हता. या यादीत तो मजूरच नाही.