शेठ वालचंद हिराचंद : मालाच्या वाटेचा ध्यास

व्यापार म्हणजे स्वस्तात घेणे आणि महागात विकणे, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. परंतु माल कोठून येतो, कोणाच्या वाहनातून जातो आणि वेळेवर पोहोचतो की नाही, यावरच पेढीचे भवितव्य अवलंबून असते. आजच्या व्यवस्थापनशास्त्रात यास ‘पुरवठा साखळी’ असे नाव आहे. हे नाव रूढ होण्याच्या कितीतरी आधी तिचे मर्म ज्यांनी ओळखले, त्यांत शेठ वालचंद हिराचंद यांचे स्थान अग्रभागी आहे.

सोलापूर येथील जैन कुटुंबात २३ नोव्हेंबर १८८२ रोजी त्यांचा जन्म झाला. घराण्याच्या पिढीजात व्यवसायात न रमता ते रेल्वेच्या ठेकेदारीकडे वळले. खडी, चुना, मजूर आणि अवजारे यांपैकी एक जरी वेळेवर आले नाही, तरी सारे काम अडते, हा धडा कोणत्याही ठेकेदारास कामाच्या जागीच मिळतो.

पहिल्या महायुद्धानंतर नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांसह त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. ग्वाल्हेरच्या महाराजांकडून घेतलेली ‘लॉयल्टी’ ही आगबोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाली. हाच दिवस १९६४ पासून राष्ट्रीय सागरी दिन म्हणून साजरा होतो.

मात्र बोट मिळाली म्हणजे माल मिळाला, असे नव्हे. परकीय जहाज कंपन्यांनी व्यापाऱ्यांना एका चतुर योजनेत बांधून ठेवले होते. भाड्यातील काही रक्कम व्यापाऱ्याला परत मिळे. पण ती काही महिन्यांनंतर आणि त्या संपूर्ण काळात त्याने अन्य कोणाच्या जहाजातून माल पाठविला नसेल तरच. एकदा जरी स्वदेशी जहाजातून माल धाडला, तरी साचलेली सारी सूट बुडे. त्यामुळे मनाने स्वदेशीचा असलेला व्यापारीही हिशेबाच्या वहीपुढे हतबल होई. त्यातच भाडेकपातीचे युद्ध सुरू झाले. अखेर १९२३ मध्ये सिंदियाला ब्रिटिश कंपनीशी करार करून मर्यादा स्वीकाराव्या लागल्या. कंपनी विकली मात्र गेली नाही. किनारी वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवावी, असे विधेयक १९२८ मध्ये साराभाई हाजी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले. ही मागणी प्रत्यक्षात येण्यास स्वातंत्र्याची वाट पाहावी लागली.

जहाजे परक्यांच्या गोदीत बांधली जातात, तोवर साखळीची पहिली कडी दुसऱ्याच्या हाती राहणार, हे शेठजींनी जाणले. म्हणून विशाखापट्टणम येथे जहाजबांधणीचा कारखाना उभारण्यात आला. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसविण्यात आली. १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते ‘जलउषा’ तेथून पाण्यात उतरली.

इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरातही हीच दृष्टी दिसते. तोडलेला ऊस पडून राहिला की त्यातील साखर घटत जाते. म्हणूनच लागवड, तोड, वाहतूक आणि गाळप यांचे वेळापत्रक एकमेकांत गुंफावे लागते. मळा आणि कारखाना एकाच व्यवस्थेखाली असला म्हणजे ते साधते. नीरेच्या कालव्याच्या पाण्यावर त्या माळरानात ऊस उभा राहिला आणि त्याच्या शेजारीच कारखाना व वसाहत वसली.

८ एप्रिल १९५३ रोजी शेठजींचे देहावसान झाले. सिंदियाची जहाजे आज समुद्रावर नाहीत. त्यांची प्रत्येक योजना यशस्वी झाली, असेही म्हणता येणार नाही. तरीही व्यापारात असलेल्या आपल्या तरुण पिढीने त्यांच्या चरित्रातून एक प्रश्न अवश्य उचलावा : आपला माल ज्या वाटेने येतो, त्या वाटेची किल्ली कोणाच्या हाती आहे? हा प्रश्न जो वेळीच विचारतो, त्याची पेढी अडचणीच्या काळातही तग धरते.