रिकाम्या सिंहासनाचे नाटक

आमच्या गोव्यात जत्रेचे नाटक ठरले की संहिता उघडण्याआधी वाद होतो तो राजापार्ट कुणी करायचा याचा. हीच चढाओढ मंचावर आणून तिच्यातून उपचाराची वाट काढणारा एक डॉक्टर होऊन गेला, याकोब मोरेनो. नाट्यवेड्या आपल्या लोकांना तो फारसा ठाऊक नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

मोरेनोचा जन्म १८८९चा, बुखारेस्टचा. तो वाढला व्हिएन्नात. १९१८ साली महायुद्ध संपले, ऑस्ट्रियाचा सम्राट गेला. १ एप्रिल १९२१च्या संध्याकाळी तिथल्या एका नाट्यगृहात पडदा वर गेला, तर ना नाटक, ना नटसंच. मंचावर लाल मखमलीचे सिंहासन, मुकुट आणि विदूषकाच्या वेषातला मोरेनो. त्याने प्रेक्षकांनाच आवाहन केले, या, बसा, राज्य कसे कराल ते दाखवा! एकेक जण वर गेला. परीक्षक उरलेले प्रेक्षक. त्यांना एकही राजा पसंत पडला नाही आणि प्रयोग साफ आपटला.

तो आपटणारच होता, असे माझे मत. खुर्ची एक आणि इच्छुक अनेक, मग दुसरे काय होणार? ज्येष्ठता यादी लागते त्या दिवशी कुठल्याही सरकारी कचेरीत डोकावून पाहा.

पण मोरेनोने रंगमंच सोडला नाही. आयत्या वेळी सुचेल ते करण्याचे नाट्यगृह त्याने व्हिएन्नात चालवले. १९२५ साली तो अमेरिकेत गेला. न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन इथल्या मुलींच्या सुधारगृहात त्याने प्रत्येकीला विचारले, तुला कुणासोबत राहायला आवडेल? त्या उत्तरांवरून त्याने नात्यांचे नकाशे काढले. कोण सर्वांची लाडकी, कोण एकटी, सारे कागदावर आले. हे काम १९३४ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले.

१९३६ साली बीकन गावी त्याने रुग्णालय काढले, त्यातच रंगमंच बांधला. मनोनाट्याचे तंत्र इथे बहरले. समजा, दोघा भावांचे वैर आहे. थोरल्याने धाकट्याच्या जागी उभे राहायचे, त्याच्याच शब्दांत बोलायचे. धाकट्याने थोरला व्हायचे. आपलेच टोमणे समोरून ऐकू आले की आवाज खाली येतो.

शेवटी पाळी समूहाची. या पद्धतीत पाहणाऱ्यांनी सल्ला द्यायचा नसतो, गुण तर नाहीच नाही. समोरचे पाहताना आपल्या आयुष्यातले काय आठवले, तेवढेच प्रत्येकाने सांगायचे.