.३१५ काडतूस

भारतात परवानाधारक नागरिकांना मिळणारे रायफलचे काडतूस. चितळ, रानडुक्कर, रोही अशा जनावरांच्या शिकारीसाठी ते पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने या शिकारीला आळा बसला. वर्धा जिल्ह्यात आता त्याचा संबंध उरला आहे तो पिकाच्या राखणीशी.

हे काडतूस मुळात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याचे. १८९० च्या सुमारास मानलिखर रायफलीसाठी ते तयार झाले; पितळी कोश ५० मिमी लांबीचा. ब्रिटिश राजवटीत नागरिकांना ब्रिटिश लष्करी मापाची रायफल बाळगायला मनाई होती. ब्रिटिश सैन्याचे .३०३ माप असे वर्ज्य झाल्यावर शिकाऱ्यांसाठी हे माप पुढे आले. स्वातंत्र्यानंतर ईशापूरच्या कारखान्यात बनलेल्या .३१५ रायफलीची यंत्रणा मात्र ली-एन्फिल्डची, म्हणजे वर्ज्य ठरलेल्या .३०३ चीच आहे. काडतुसाच्या बुडावर ‘के. एफ.’ ही अक्षरे दिसली, तर ते पुण्याजवळच्या खडकी कारखान्याचे. बुडाची कड कोशाबाहेर आलेली असते. झाडलेला कोश बाहेर खेचणारी आकडी तिलाच पकडते. शिकारी गोळीचे तोंड बोथट असते आणि तांब्याच्या आवरणातून पुढे शिसे उघडे दिसते. अंगात शिरताच हे शिसे पसरते, त्यामुळे जखम रुंद होते.

मूळ लष्करी गोळी १५.८ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे ६२० मीटर. नळीच्या तोंडाशी ऊर्जा ३,००० ज्यूलच्या आसपास. .३०-०६ या अमेरिकी काडतुसाची ११.७ ग्रॅमची गोळी ८०० मीटरहून अधिक वेगाने जाते. त्या मानाने ही गोळी जड आणि संथ. अंतर वाढले की झपाट्याने खाली येते. शे-दीडशे मीटरच्या आत मात्र रानडुकराच्या जाड खांद्यालाही ती पुरी पडते.

वर्धा जिल्ह्यातल्या सेलू, कारंजा, आष्टी या तालुक्यांत जंगल आणि शेत यांची हद्द एकमेकांत शिरलेली आहे. तूर, हरभरा, सोयाबीन रात्रीतून लोळवले जाते आणि शेतकरी ऐन थंडीत मचाणावर जागलीला बसतो. त्याचा हा जाच खरा आहे. २०१५ च्या शासन निर्णयाने पिकांची नासधूस करणारे रोही व रानडुक्कर मारण्याची परवानगी वनक्षेत्रपालाच्या पातळीवर देण्याची सोय झाली. शस्त्राचा परवाना असला, तरी ही परवानगी वेगळी घ्यावी लागते. २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालेल्या बोर अभयारण्यात तिचा उपयोग नाही.

उपाय म्हणून ही रायफल अपुरी आहे. एक जनावर पडले तरी कळप दुसऱ्या रात्री येतोच. कुंपणाला पर्याय नाही. शिवाय वर्ध्याचा बराचसा मुलूख सपाट. नेम चुकलेली गोळी तुरीच्या ओळी भेदून किलोमीटरभर पलीकडेही जीव घेऊ शकते, आणि पलीकडच्या शेतातही कुणीतरी जागलीला असतो. म्हणून मचाणावरून खाली, मागे मातीचा बांध असेल अशाच दिशेने बार टाकावा. अंधारात नुसत्या हालचालीवर कधीही नाही.

पुलगावचे मध्यवर्ती दारूगोळा भांडार याच जिल्ह्यात असले, तरी ते सैन्याचे आहे. नागरिकाला .३१५ काडतुसे परवानाधारक विक्रेत्याकडूनच, परवान्यात नमूद केलेल्या संख्येइतकीच घेता येतात.