रायफल अडकते तेव्हा : एसएलआर ते इन्सास

(दीर्घ थ्रेड)

दौंडला राज्य राखीव पोलीस बलाचे दोन गट आहेत, पाचवा आणि सातवा. जवळच नानवीजला पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे. त्यामुळे वरवंड, पाटस, केडगाव या पट्ट्यात ‘एसएलआर’ आणि ‘इन्सास’ ही नावे कुणाला समजावून सांगावी लागत नाहीत. मात्र या दोन्ही रायफलींची आखणी आपल्याच जिल्ह्यात, पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेत म्हणजे एआरडीईत झाली, हे फार थोड्यांना ठाऊक असते. आणि इन्सासचा विषय निघाला की “ती जॅम होते” एवढ्या तीन शब्दांत चर्चा आटोपते. आजचा थ्रेड त्या तीन शब्दांविषयी आहे. ती जॅम का होत होती, आणि त्याचा जाब कुणाला विचारायचा?

आधी थोडे यंत्रशास्त्र, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे.

जुन्या ‘पॉइंट थ्री नॉट थ्री’ रायफलीत गोळी झाडल्यावर सैनिक हाताने बोल्ट मागे ओढतो, रिकामी पुंगळी बाहेर पडते, बोल्ट पुढे ढकलला की नवे काडतूस नळीच्या तोंडाशी बसते. हे सारे बळ माणसाच्या मनगटाचे. काडतूस जरा कमी-अधिक ताकदीचे निघाले तर नेम थोडा चुकेल, पण रायफल चालायची थांबणार नाही. अर्धस्वयंचलित रायफलीत हेच काम काडतुसातील दारूचा वायू करतो. नळीला पाडलेल्या एका बारीक छिद्रातून थोडा वायू बाहेर येतो, दट्ट्याला धक्का देतो, बोल्ट मागे जातो, पुंगळी फेकली जाते, स्प्रिंग बोल्टला पुन्हा पुढे आणते. चाप एकदा ओढला की एक गोळी; पुढची भरणी रायफल स्वतः करते. ‘सेल्फ लोडिंग रायफल’ म्हणतात ते याच अर्थाने.

या सोयीची किंमत अशी की काडतूस आता यंत्राचाच एक भाग होते. दारू मंद जळली तर बोल्ट पुरेसा मागे जात नाही आणि पुंगळी तोंडातच अडकते. दारू जास्त जोरात जळली तर भाग झिजतात, तुटतात. मॅगझिनची ओठाळी केसभर वाकली तर काडतूस तिरपे वर येते. म्हणून अर्धस्वयंचलित रायफल ही एका कारखान्याची वस्तू उरत नाही. रायफल एका ठिकाणी, काडतूस दुसऱ्या ठिकाणी, तपासणी तिसऱ्याकडे, आणि वापर चौथ्या माणसाच्या हाती.

आता इतिहासाकडे. १९६२ च्या चीन युद्धात आपल्या पायदळाच्या हाती बहुतांशी थ्री नॉट थ्री होत्या आणि समोर चिनी सैन्याकडे अर्धस्वयंचलित शस्त्रे होती. त्या पराभवाची कारणे अनेक, रायफल हे त्यांतले एक आणि तेही सर्वांत मोठे नव्हे. पण नव्या रायफलीची निकड मात्र त्यानंतर कुणाला पटवावी लागली नाही.

तेव्हा जगभर बेल्जियमच्या एफएन कंपनीच्या ‘फाल’ रायफलीचा बोलबाला होता. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाने तिची इंचांच्या मापातली आवृत्ती बनवली होती. मूळ बेल्जियन रायफल मिलिमीटरमध्ये होती. एफएनच्या अटींवर आपले जमले नाही. एआरडीईच्या अभियंत्यांनी बेल्जियन, ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन नमुने समोर ठेवून स्वतःची रेखाटने तयार केली आणि पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या रायफल कारखान्यात ७.६२ मिमी ‘१ए१’ रायफल बनू लागली. हीच आपली एसएलआर. एफएनने अर्थातच आक्षेप घेतला. तो वाद पुढे तडजोडीने मिटला.

या उसनवारीतून एक गमतीदार गोष्ट घडली. आपली एसएलआर दिसायला ब्रिटिश रायफलीसारखी, पण तिचे सुटे भाग धड इंचवाल्या रायफलीत बसत नाहीत, धड मिलिमीटरवाल्या रायफलीत. दस्त्याच्या मागची पट्टी तर थेट जुन्या ली-एनफिल्डची, आत तेलाची बाटली आणि नळी साफ करण्याची दोरी ठेवायच्या कप्प्यासकट. कुणी याला नक्कल म्हणून हसते. माझे मत वेगळे आहे. परकीय नमुन्यावरून रेखाटने नव्याने काढणे म्हणजे प्रत्येक भागाला किती सूट द्यायची, कुठे सैल आणि कुठे घट्ट ठेवायचे, हे नव्याने ठरवणे. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत क्यूसीच्या टेबलावर बसणाऱ्याला ही कसरत सांगायला नको.

एसएलआर १९७१ च्या युद्धात लढली, तिने नाव कमावले. तिच्या विश्वासार्हतेमागे एक साधी युक्ती होती : वायू नियंत्रक. नळीवरच्या एका कड्याने किती वायू वाया सोडायचा आणि किती दट्ट्याकडे पाठवायचा, हे सैनिक स्वतः ठरवू शकतो. रायफल घाणीने जड झाली की कडे दोन खाचा फिरवायचे, वायू वाढतो आणि गाडी पुढे सरकते. काडतुसातला आणि कारखान्यातला थोडाफार फरक हे कडे पोटात घालत असे. वाळूत मात्र ‘फाल’ कुळाची अडचण होई, म्हणून ब्रिटिशांनी बोल्टवाहकावर वाळू साठायला खाचा पाडल्या होत्या.

श्रीलंकेत १९८७ नंतर शांतिसेनेच्या हाती हीच एसएलआर होती. तिथे तिच्याबद्दलची तक्रार ‘अडकते’ ही नव्हती. झाडीत जवळून होणाऱ्या चकमकीत एलटीटीईच्या एके रायफली सलग गोळीबार करत आणि आपली लांब, जड रायफल एका चापाला एकच गोळी देई, ही होती. म्हणजे शस्त्र निर्दोष असूनही कामाला अपुरे पडू शकते.

तोवर पुण्यात ५.५६ मिमी रायफलीचे काम सुरू झालेच होते. ‘इंडियन स्मॉल आर्म्स सिस्टीम’, तिची आद्याक्षरे म्हणजे इन्सास. योजना महत्त्वाकांक्षी होती : रायफल, हलकी मशीनगन आणि कार्बाइन, तिन्ही एकाच कुळातल्या, शक्य तितके भाग समान. आतली यंत्रणा एके-कुळातली, वायू नियंत्रक ‘फाल’च्या वळणाचा, मॅगझिन पारदर्शक प्लॅस्टिकचे म्हणजे उरलेल्या गोळ्या बाहेरून दिसाव्यात, आणि सलग फैरींऐवजी एका चापाला तीन गोळ्यांची मर्यादा, म्हणजे दारूगोळा वाया जाऊ नये. कागदावर प्रत्येक निर्णयाला कारण आहे.

पण वेळ फार गेला. १९९० च्या सुमारास रायफल स्वीकारली गेली. मोठ्या प्रमाणावर उत्पादनासाठी १९९७ उजाडले. मधल्या काळात, १९९० ते १९९२ दरम्यान, सुमारे एक लाख एके-पद्धतीच्या रायफली परदेशातून आणाव्या लागल्या. आणखी एक अडचण अशी की रायफल तयार होत आली तरी तिच्यासाठी पुरेशी ५.५६ मिमी काडतुसे देशात बनत नव्हती. ती इस्रायलकडून मोठ्या संख्येने घेतली गेली. ज्या राज्यात खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून उभा आहे आणि भुसावळजवळ वरणगावला काडतुसांचाच कारखाना आहे, तिथल्या वाचकाला हे टोचावे. यंत्र आणि त्याचा निम्मा भाग असलेले काडतूस एकत्र वाढले नाहीत.

१९९८ च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात इन्सास दिसली. पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात ती द्रास-कारगिलच्या उंचीवर होती.

तिथून आलेल्या तक्रारी चार प्रकारच्या. रायफल अडकते. थंडीत मॅगझिनला तडे जातात. खटका तीन गोळ्यांवर ठेवला असता रायफल कधी कधी सलग सुटते. आणि गोळी झाडताना तेलाचे शिंतोडे सैनिकाच्या डोळ्यांत उडतात.

या चारी तक्रारींना एकाच पोत्यात भरणे, ही इन्सासवरच्या बहुतेक चर्चेची चूक आहे. मॅगझिनचा तडा हा साहित्याच्या निवडीचा प्रश्न. प्लॅस्टिक थंडीत ठिसूळ होते, हे कुणाला अज्ञात नव्हते. उणे तापमानात भरलेले मॅगझिन दगडावर आपटून पाहण्याची चाचणी किती कसून झाली, हा खरा सवाल. तीन गोळ्यांची यंत्रणा म्हणजे लहान दातेरी भागांची मोजणी. तिथे कोनात किंवा कडकपणात किंचित फरक पडला की मोजणी चुकते. हा उत्पादनातील एकसारखेपणाचा दोष असू शकतो. अमुक एका तारखेच्या मालात तो असेल, दुसऱ्यात नसेल. तेलाचे शिंतोडे आखणीचे अपत्य. आणि ‘अडकते’ या एका शब्दामागे काडतूस, मॅगझिन, नळी, तेल, धूळ यांपैकी काहीही असू शकते. चारी दोषांचे पत्ते वेगवेगळे आहेत.

सैनिकाला या पत्त्यांशी काय देणेघेणे? त्याला एकच गोष्ट कळते : चाप ओढला आणि काही झाले नाही.

आता तपासणीची व्यवस्था पाहा. आखणी एआरडीईची, जी डीआरडीओच्या अखत्यारीत. उत्पादन ईशापूर, कानपूर आणि तिरुचिरापल्लीच्या कारखान्यांत, जे तेव्हा आयुध निर्माणी मंडळाकडे. गुणवत्तेची मोहोर डीजीक्यूए या महानिदेशालयाची. मंडळ आणि महानिदेशालय, म्हणजे बनवणारा आणि तपासणारा, दोन्ही एकाच संरक्षण उत्पादन विभागाखाली. ग्राहक, म्हणजे सैन्य, यांतल्या कुणाचाच वरिष्ठ नाही, आणि माल नापसंत पडला तर दुसऱ्या दुकानात जायची सोयही त्याला सहसा नव्हती. अशा रचनेत दोषाची चिठ्ठी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरते आणि प्रत्येक टेबल आपापल्या परीने खरे बोलते.

जाता जाता एक विरोधाभास. संख्याशास्त्रीय गुणवत्ता नियंत्रणाचे जनक वॉल्टर शूहार्ट १९४७-४८ च्या हिवाळ्यात भारतात आले होते, महालनोबीस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या निमंत्रणावरून. ती संस्था बारानगरला, हुगळीच्या काठी. ईशापूरचा रायफल कारखानाही त्याच काठावर, थोडा उत्तरेला.

ऑगस्ट २००५ मध्ये नेपाळच्या कालिकोट जिल्ह्यात माओवाद्यांनी लष्करी तळावर हल्ला केला आणि नेपाळचे ४३ सैनिक मारले गेले. भारताने दिलेल्या इन्सास लढताना दगा देत होत्या, असे नेपाळी सैन्याच्या प्रवक्त्याने जाहीरपणे म्हटले. भारताकडून उत्तर आले : हाताळणी आणि निगा नीट नव्हती.

हे उत्तर सर्वस्वी खोटे होते असे मी म्हणणार नाही. तासन्‌तास चाललेल्या लढाईत तापलेली, न पुसलेली कोणतीही रायफल कुरकुरते. पण हे उत्तर अमेरिकनांनीही एकदा दिले होते. व्हिएतनाममध्ये १९६० च्या दशकात एम-१६ रायफल अडकू लागली, पुंगळ्या नळीत रुतून बसल्या, सैनिक मेले. प्रथम दोष सैनिकांच्या अस्वच्छतेवर गेला. मग प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीने १९६७ मध्ये चौकशी केली, तेव्हा दिसले की काडतुसातील दारू बदलली होती आणि त्या बदलासह रायफल पुरेशी तपासली नव्हती. काडतूस बसते त्या पोकळीला क्रोमचा मुलामा नव्हता. सैनिकांना साफसफाईची साधनेही पुरेशी दिली नव्हती. मग मुलामा आला, साधने आली, आणि सैनिक वाचतील अशी चित्रकथेच्या रूपातली माहितीपुस्तिकासुद्धा आली, विल आयस्नर या नामांकित चित्रकथाकाराने काढलेली. ती रायफल सुधारून पुढे अनेक दशके टिकली. ब्रिटिशांच्या एसए-८० चीही कथा अशीच. तिची दुरुस्ती शेवटी हेक्लर अँड कॉखकडे द्यावी लागली.

निगा राखली नाही, हे उत्तर देणाऱ्याने आधी आपले सगळे टेबल तपासून झाले आहे हे दाखवायला हवे. ज्या शस्त्राला लढाईत घासूनपुसून ठेवायची फुरसत लागते, ते शस्त्र लढाईसाठी बनलेले नाही, असे सैनिकाने म्हटले तर त्याचे काय चुकले?

इन्सासही सुधारली गेली. सुधारित १बी१ आवृत्ती आली, मॅगझिन बदलले, पुढच्या मालातील बऱ्याच तक्रारी घटल्या. ज्या मुलांना नंतरच्या वर्षांतली चांगली इन्सास मिळाली, ती आजही तिच्या नेमाविषयी आदराने बोलतात, आणि ते खोटे बोलत नाहीत. अडचण अशी की रायफलीची अब्रू एकदाच जाते. २०१४ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलाने नक्षलग्रस्त भागासाठी इन्सासऐवजी एके रायफली मागितल्या, आणि पुढच्या वर्षी त्या मिळूही लागल्या. गडचिरोलीच्या जंगलात दोन्ही कुळांच्या रायफली पाहिलेल्या जवानांना ही पसंती नवी नव्हती.

फेब्रुवारी २०१९ मध्ये सैन्यासाठी अमेरिकेच्या सिग सॉअर कंपनीकडून ७२,४०० रायफलींचा करार झाला, पुन्हा ७.६२ × ५१ मिमीच्या, म्हणजे एसएलआरच्याच काडतुसाच्या मापाच्या. डिसेंबर २०२१ मध्ये अमेठीजवळच्या कोरव्यात सहा लाखांहून अधिक एके-२०३ बनवण्याचा करार झाला. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन त्याच्या सात कंपन्या झाल्या. दारूगोळ्याची कंपनी म्युनिशन्स इंडिया, तिचे मुख्यालय खडकीला. रायफलींची कंपनी कानपूरला. काडतूस आणि रायफल आता कागदोपत्रीही दोन वेगळ्या घरांत राहतात.

आणि जानेवारी २०२४ मध्ये पुण्यातच एआरडीईने हैदराबादच्या एका खासगी कंपनीबरोबर बनवलेली ‘उग्रम’ रायफल सादर केली : ७.६२ × ५१ मिमी, चार किलोंहून कमी वजन, वीस गोळ्यांचे मॅगझिन, शंभर दिवसांच्या आत आखणी आणि बांधणी. शंभर दिवसांची बातमी सगळ्यांनी छापली. मला कुतूहल आहे ते तिच्या मॅगझिनचे, आणि उणे तापमानात ते दगडावर आपटून पाहिले गेले का, याचे.