मशीन ऑपरेटर व्हायचंय? बटण दाबण्याआधी हे शिका

तिसगावहून कारखान्यात कामाला जायचं म्हटलं की नगरची नागापूर एमआयडीसी, सुपा, रांजणगाव ही नावं निघतात. सीएनसी मशीनचं बटण दाबायला दोन दिवसांत कुणीही शिकतो. पण तेवढ्यावर पगार वाढत नाही. मोजता येणं आणि वेळेवर मशीन थांबवता येणं, हाच खरा हुनर आहे.

मोजमाप : ड्रॉइंगवर शाफ्टचा व्यास 25 ± 0.02 मिमी लिहिला असेल, तर 24.98 ते 25.02 एवढाच माल चालतो. 25.03 आला तर पुन्हा घासता येतो, 24.97 आला तर जॉब भंगारात. नेहमीचा व्हर्नियर 0.02 मिमीपर्यंत दाखवतो, मायक्रोमीटर 0.01 पर्यंत. अशा कामाला मायक्रोमीटरच घ्यावा. दशांश अपूर्णांक कच्चे असतील तर आधी ते पक्के करा.

सुरक्षा : इमर्जन्सी स्टॉपचं लाल बटण कुठे आहे, हे पहिल्याच दिवशी पाहून ठेवा. फिरत्या चकजवळ सैल बाही, ओढणी, अंगठी, हातमोजे नकोत. कपडा अडकला की हात आत ओढला जातो. बर हाताने ओढू नका, मशीन थांबवून ब्रशने किंवा हुकाने काढा.

कान आणि नोंद : आवाज बदलला, जॉबवर रेषा दिसल्या, तर टूल झिजलेलं असू शकतं. मशीन थांबवा, सेटरला सांगा. चुकलेला जॉब लपवू नका. अमानतदारी इथेच दिसते.

रोजा आणि जुमा : रमजानमध्ये सहरीला पुरेसं पाणी प्या. चक्कर वाटली तर मशीन बंद करून सुपरवायझरला सांगा. जुम्याच्या नमाजची वेळ आधीच बोलून ठेवा. मशीन चालू सोडून जाऊ नका.

पालकांना आमचं सांगणं : ठेकेदाराकडे लगेच मिळणाऱ्या पगारापेक्षा आयटीआयची दोन वर्षं जड वाटतात, हे आम्ही जाणतो. पण टर्नर, मशिनिस्ट हे ट्रेड केले की हातात सरकारमान्य प्रमाणपत्र येतं. पुढे 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात विद्यावेतन घेऊन शिकता येतं. मुलगा कामाला लागला की हजेरी, पगाराची पावती आणि ईएसआयचा नंबर मागून घ्यायला सांगा. अपघात झालाच, तर हेच कागद कामी येतात.